वजनाचा रकाना

पंप विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने दिलेली डायरी.
तीतच सगळा हंगाम आहे:
तिथी, भरतीची वेळ, आमिष, मासा, वजन.
रबाळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
दर तासाला मीटरचे आकडे उतरवले मी,
रकाने आखल्याशिवाय हात अजून बसत नाही.

नारळी पौर्णिमा. दिव्याच्या कोळीवाड्यातली जेट्टी.
पाणी चहासारखं. मासा: नाही.
श्रावण वद्य पंचमी. मासा: नाही.
तंगूस तिवरात अडकून तुटला.
खाली एक ओळ, गोमा मढवीची, जशीच्या तशी:
"पानी वाचाला शिक आदी, मंग गल टाक."

मी घाटावरचा. पाणी म्हणजे विहिरीचं,
फार तर पाटाचं,
सोडलं की येणारं, बांध घातला की थांबणारं.
दिवसातून दोनदा माघार घेणाऱ्या पाण्याशेजारी
अर्धं आयुष्य राहिलो ऐरोलीत,
आणि पुलावरून जाताना खिडकीची काच वर करत राहिलो
वासामुळे.

भाद्रपदात पहिला जिताडा. सव्वा किलो.
शैला एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.
शेवटी गोमाची सून आली विळी घेऊन,
ओट्यावर पेपर पसरला, दहा मिनिटांत मोकळी.
एक खवला खिडकीच्या गजाला चिकटलाय तेव्हापासून.
साडेतीनच्या उन्हात चमकतो. शैला पुसत नाही.

कार्तिकात नुसत्या शिंगाळ्या.
एकीचा काटा लागला अंगठ्याला,
चार दिवसांच्या नोंदी डाव्या हाताच्या आहेत,
पहिलीतल्या पोराने काढल्यासारख्या.

मार्गशीर्षात समोरच्या चिखलावर रोहित उतरले.
लोक होड्यांतून, दुर्बिणी लावून.
गोमा पाठ करून बसायचा तिकडे:
"तिकीट काडून बघतान त्यांना.
मी पन रोज येतो, माना कोन बघतं?"
पुढे भांगाचे दिवस, मासा आळशी,
आम्ही दोघंही.
डब्यातल्या कोळंब्या तशाच परत यायच्या घरी,
फ्रीजमध्ये, दह्याच्या मागे.

एक पान मुद्दाम ओलांडून आलो.
आश्विन अमावास्या. उधाण.
दुपारी पाऊण, पाणी चढून थांबलेलं,
घरी झेंडूची तोरणं, संध्याकाळी पूजा,
आणि इथे गळाला असं काही
की माझ्या खांद्याला पुढे आठवडाभर ते आठवत होतं.
पायरीपाशी आली तेव्हा गोमा पाण्यात उतरला, लेंग्यासकट.
"जिताडा पैला बाप्या आसतो," तो म्हणाला,
"वाढतं वाढतं बाई होतो. ही कवाच जालेली."
खिशातून पक्कड काढली,
गळ सोडवला, पोटाखाली हात धरून राहिला
बराच वेळ, तिला श्वास परत येईपर्यंत.
मी काटा आणायला पिशवीकडे वळलो होतो.
वळून बघतो तर त्याचे हात नुसते ओले.

तीन दिवस बोललो नाही मी त्याच्याशी.
तेही लिहिलं आहे.

आता शिमगा झाला. पाणी कोमट, गढूळ.
गोमाचा डावा डोळा वाशीच्या दवाखान्यात
पुढच्या सोमवारी कापायचा आहे.
पायरीवर बसून सगळी डायरी वाचून दाखवली त्याला.
जिताडे अकरा, एकूण साडेएकोणीस किलो,
गळ हरवले चौदा.
मोतीबिंदूच्या डोळ्याने पाण्याकडे बघत तो ऐकत होता,
मग म्हणाला, "तिचा किती लिवलंस?"

काही नाही. रकाना मोकळा आहे.

"बरा केलंस," म्हणाला, आणि दोन्ही हात पसरले,
अजून थोडे, अजून थोडे,
बाजूला गळ टाकून बसलेल्या पोराच्या
नाकाला बोट लागलं
तरी थांबला नाही.